उजव्या बाजूचा खिसा

४ नोव्हेंबर

मामा,

नमस्कार. फोन करत नाही, कारण "बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं उरतं" असं म्हणून तू तो ठेवून देतोस. चाळीस वर्षं छापखान्यात शिशाचे अक्षरखिळे जुळवलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

मला आता दुकानात तक्रारींच्या खिडकीवर बसवलंय. साहेबीणबाईंचं म्हणणं असं, की खिडकीवरच्या माणसानं कोट घालायचा, म्हणजे आपली तक्रार कुणीतरी मोठं माणूस ऐकतंय असं गिऱ्हाइकाला वाटतं. खिडकीतून मी कमरेच्या वरच दिसते. त्यामुळे वर थाट आणि खाली दुरुस्त्या, अशी माझी राहणी आहे. काळ्या पँटवर ब्लीच सांडलं होतं, तो डाग रोज सकाळी मार्करनं रंगवते. बूट जुन्या बाजारातले. उजवा पायात बरोबर बसतो, डावा अर्धा नंबर मोठा आहे. जोडा म्हणून विकला खरा, पण दोघांचं लग्न जबरदस्तीनं लावलेलं दिसतंय. डाव्यात जुन्या टोपीचा तुकडा कापून घातलाय. आता दोघं नांदतात.

कोटही जुन्या कपड्यांच्या दुकानातूनच घेतला. तू रागावणार, माहीत आहे. पण आधी ऐक. कोट पुरुषाचा आहे, करडा, अगदी माझ्या मापाचा, आणि त्याचा छातीवरचा खिसा उजव्या बाजूला आहे. उजव्या, मामा. असा कोट मी आयुष्यात एकच पाहिलाय, तो तुझ्या अंगावर. तुझं ते भाषण मला पाठ आहे: "हा कोट कोऱ्या कापडाचा आहे, माझ्या बायकोनं स्वतःच्या हातानं शिवलाय, आणि खिसा उजवीकडे आहे, कारण डावीकडे काळीज असतं आणि कामगाराच्या काळजावर झाकण नसतं."

मग माझ्या कोटाच्या काळजावर झाकण का नाही? मामीनं आणखी कुणाला असा कोट शिवला होता का? मी फार गोंधळले आहे. आरशात पाहिलं की खिसा डावीकडे दिसतो, मान खाली घातली की उजवीकडे.

तुझी,
चिमणी


११ नोव्हेंबर

चिमणे,

अनेक आशीर्वाद, आणि एक कानउघाडणी.

दुसऱ्याच्या अंगावरचं उतरलेलं वस्त्र आपण घालायचं नाही. माझा हा हट्ट म्हातारपणाचा नाही, नवव्या वर्षापासूनचा आहे. आम्हाला मोठ्या घरांतून जुने कपडे मिळत. एकदा वर्गात मी फळ्यापाशी उभा होतो, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून मास्तरांना म्हणाला, "गुरुजी, हा सदरा माझा आहे." तो खोटं बोलत नव्हता. सदरा त्याचाच होता. कुणी तो परत मागितला नाही, कुणी हसलंसुद्धा नाही. पण पाठीवर ते वाक्य घेऊन मी पुढं चार वर्षं शाळेत गेलो. तेव्हाच ठरवलं, की आपण उभं राहून बोलू लागलो की खालून कुणी "हे माझं आहे" म्हणता कामा नये. अंगावर चिंधी असली तरी आपली असावी.

तुम्ही मुलं जुनं घालण्याला फॅशन म्हणता. ज्याला नवं घेणं परवडतं त्यानं जुनं घातलं तर ती हौस होते. ज्याला परवडत नाही त्याला लोक फक्त ओळखतात, की हा सदरा कुणाचा.

खिशाचं म्हणशील, तर तुझ्या मामीची कुणीतरी नक्कल केली असणार. माझा कोट सगळ्या गावानं पाहिलाय.

वीस डिसेंबरला छापखान्याच्या जुन्या कामगारांचा मेळावा आहे. मी बोलणार आहे. कोटाची गोष्ट सांगा, असा निरोप आधीच आलाय. ज्यांच्याशी मी तेवीस वर्षं भांडलो ते मालकही काठी टेकत येणार आहेत, पहिल्या रांगेत बसणार आहेत. तूही ये. नवा कोट घालून ये.

मामा


१६ नोव्हेंबर, सकाळ

मामा,

कोडं सुटलं. आमच्या गल्लीत एक रफूवाली बसते. तिला कोट दाखवला. तिनं तो हातात घेतला, खिशावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "उलटवलेला आहे."

म्हणजे असं: कोट वरून विटला, पण आतून कापड चांगलं असलं, तर पूर्वी शिंपी सगळा कोट उसवत. कापडाची आतली बाजू बाहेर करत आणि पुन्हा शिवत. कोट कोरा दिसे. फक्त डावं ते उजवं होई. बटणांची जुनी काजं रफूनं बुजवता येतात, पण छातीवरची खिशाची चीर बुजवली तर डोळ्यात भरते. म्हणून खिसा उजवीकडेच राहतो. रफूवाली म्हणाली, "उजवा खिसा दिसला की समजायचं, कोटाचा हा दुसरा जन्म." माझ्या कोटावर बुजवलेली काजंसुद्धा तिनं दाखवली.

तेव्हा मामा, माझा कोट जुना असला तरी आतून नवाच निघाला. आता तरी रागावू नकोस.

चिमणी


१६ नोव्हेंबर, दुपार

मामी,

हे पत्र मुद्दाम तुझ्या शिवणकामाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. मामाला दाखवू नकोस.

सकाळी मी मामाला एक पत्र पेटीत टाकलं. टाकल्यावर परत खिडकीवर येऊन बसले, पहिलं गिऱ्हाईक आलं, ते म्हणालं, "ही छत्री उलटी होते." आणि उलटी हा शब्द ऐकून माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मामाला लिहिलंय, की उजवा खिसा म्हणजे उलटवलेला कोट. आणि मामाचा खिसा उजवीकडे आहे.

मामी, मामाचा कोट कोऱ्या कापडाचा आहे ना? "हो" असं एकच अक्षर लिही. मी पेटीशी परत गेले होते, हात घालून पाहिला. मनगटापर्यंतच जातो.

चिमणी


२१ नोव्हेंबर

चिमणे,

एका अक्षरात उत्तर मागतेस, पण ते अक्षर खोटं होईल.

कोट कोऱ्या कापडाचा नाही. मी उलटवलाय. ह्यांना पहिल्यांदा कामगारांतर्फे बोलणी करायला मालकांच्या खोलीत जायचं होतं. कोपरावर विरलेल्या स्वेटरात गेले असते तर बसायला खुर्चीसुद्धा मिळाली नसती. त्याच आठवड्यात एक बाई दुकानात शिवायचे कपडे टाकायला आल्या आणि एक जुना कोट ठेवून गेल्या. "पुसायला घे नाहीतर कुणाला दे," म्हणाल्या. खांद्यांवर उन्हानं विटला होता. आतून बघशील तर काल विणल्यासारखा. नऊ दुपारी बसून मी तो उसवला आणि शिवला. काजं त्याच कापडाचे धागे काढून बुजवली. ह्यांना सांगितलं, ठाणातलं उरलेलं कापड स्वस्तात मिळालं. त्यांची शपथ मला ठाऊक होती ना.

खिशाचं त्यांनी विचारलं. मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, काळजावर झाकण नको म्हणून. मी आपलं वेळ मारून नेली, तर ह्यांनी दुसऱ्या दिवशी तेच हजार माणसांसमोर सांगितलं. टाळ्या पडल्या. मग मी तोंड कसं उघडणार?

आता खरं ऐक आणि बसून ऐक. ती बाई म्हणजे छापखान्याची मालकीण. कोट मालकांचा. तेवीस वर्षं हे मालकांचाच कोट घालून मालकांच्या टेबलावर मूठ आपटत होते.

तुझं सकाळचं पत्र घरी आलं. पेटीतून मीच काढलं. न फोडता मशिनच्या खणात, बटणांच्या डब्याखाली ठेवलंय. ह्यांनी पाहिलेलं नाही. तू त्यांना लगेच लिही, की रफूवाली चुकली. वीस तारखेला मालक पहिल्या रांगेत असणार. तोवर नीट जाऊ दे.

मामी

डाव्या बुटात टोपीचा तुकडा घातलास तो टाचेकडे पातळ कर, नाहीतर पाय पुढं सरकेल.


२५ नोव्हेंबर

मामा,

मागच्या पत्रात मी रफूवालीबद्दल काही लिहिलं असेल तर ते धरू नकोस. नसेल मिळालं तर उत्तमच. तिची नजर अधू आहे. उजव्या खिशाचा आणि उलटवण्याचा काहीएक संबंध नाही. माझा कोट मुळात डावखुऱ्या माणसासाठी शिवलेला होता, असं आता नक्की झालंय. तुझा तर कोऱ्या कापडाचाच आहे. तो विषयच नव्हता. कुणी काढलाही नव्हता.

इकडे हवा छान आहे.

चिमणी


२९ नोव्हेंबर

चिमणे,

तक्रारींच्या खिडकीवर बसून तू लोकांना अशीच उत्तरं देत असशील, तर त्या दुकानाचं कठीण आहे.

तुझं सोळा तारखेचं पत्र मला फाटकातच टपालवाल्यानं दिलं. तिथंच उभ्यानं वाचलं. मग घरात जाऊन खळ लावून पाकीट पुन्हा चिकटवलं. जन्मभर छापखान्यात काम केलंय, माझं चिकटवलेलं कुणाला कळत नाही. आणि ते गुपचूप पेटीत टाकलं. मला पाहायचं होतं, तुझी मामी काय करते. तिनं ते खणात लपवलं. म्हणजे अजूनही ती मला सांभाळतेय.

आता तुला सांगतो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. खिळा उलटा असतो. मी चाळीस वर्षं उलटं वाचून पोट भरलं. ज्या माणसाला शिशात उलटं अक्षर दिसलं की कागदावर सुलट दिसतं, त्याला कोट उलटा आहे हे कळणार नाही? पहिल्याच दिवशी बटण लावताना अंगठ्याला बुजवलेलं काज लागलं. चुकलेलं अक्षर खरवडलं तरी कागदाला त्याची आठवण राहते, तसं. मी ओळखलं. आणि तिच्या बोटांच्या टोकांना सुयांनी पडलेली भोकंही पाहिली. तेव्हा ठरवलं, की हा कोट नवा आहे. तिनं म्हटलं म्हणून नवा. त्यासाठी माझी शपथ मी मोडली, आणि मोडली नाही असं तेवीस वर्षं ओरडून सांगितलं. मी जेवढ्या मोठ्यानं ते सांगे तेवढी ती मान खाली घाली. मला वाटे, लाजते.

एकच गोष्ट मला माहीत नाही. कोट कुणाचा होता? मी कधी विचारलं नाही. पण प्रत्येक सभेत बोलायला उभा राहिलो की पहिलं मिनिट माझी नजर मागच्या रांगेवरून फिरायची. कुणी उठेल आणि म्हणेल, हा माझा आहे. बोलायला लागलं की ते विसरायचो. लोक म्हणायचे, हा सुरुवातीला कसा चाचरतो आणि मग कसा पेटतो. ते पेटणं बरंचसं भीतीचं होतं.

मामीनं तुला सांगितलं असणार. तसं नसतं तर तू हवेचं लिहिलं नसतंस. मला सांग. वीस तारखेला मी उभा राहणार आहे, आणि या वयात मला मागची रांग नीट दिसत नाही.

मामा


२ डिसेंबर

मामी,

मामाला माहीत आहे. म्हणजे उलटवल्याचं माहीत आहे, तू पत्र लपवल्याचंही. कुणाचा ते माहीत नाही. तुला माहीत आहे की त्याला माहीत आहे, हे त्याला माहीत नाही. मी कागदावर बाण काढून पाहिले, तेही एकमेकांत गुंतले. मी त्याला सांगू का?

चिमणी


६ डिसेंबर

चिमणे,

तुझं पत्र वाचल्यावर मी दुकान लवकर बंद केलं. घरी आले. हे कोटाला ब्रश मारत बसले होते. मी म्हटलं, चहा करू का. ते म्हणाले, कर. झालं एवढंच बोलणं. तेवीस वर्षं ह्यांना ठाऊक होतं आणि मी मेली रफू लपवायला दर हिवाळ्यात काज ओढून नीट करत बसायची.

तू सांगू नकोस. खोटंही बोलू नकोस. हे दोन्ही एकदम कसं जमवायचं ते मला विचारू नकोस.

मामी


१० डिसेंबर

मामा,

मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. माझ्या खिडकीवर नियम आहे, की ज्याच्याकडून वस्तू आली त्याच्याकडेच तक्रार पाठवायची. तुला कोट मामीनं दिलाय.

एवढंच सांगते. मी माझा कोट कुणाचा होता याचा खूप विचार केला. त्याच्या अस्तरात मला दाढीच्या साबणाचा वास येतो आणि खिशाच्या तळाशी एक सुटं बटण सापडलं, तेही कोटाचं नाही. मी ते बटण शोधत येणाऱ्या माणसाची वाट बघत बसत नाही. मी ते शर्टाला लावलंय.

मेळाव्याला येता येत नाही. साहेबीणबाई म्हणाल्या, "डिसेंबरात तक्रारी सुट्टी घेत नाहीत." काय झालं ते लगेच कळव. मला इथं स्वस्थ बसवणार नाही.

चिमणी


२२ डिसेंबर

चिमणे,

लिहिते. तू म्हणालीस तसं लगेच.

ह्यांनी मला घरी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तोच कोट घालून गेलो. नाव पुकारल्यावर हे उठले, नेहमीसारखे एक मिनिट चाचरले. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि नुसत्या सदऱ्यावर बोलायला लागले.

म्हणाले, "मी तुम्हाला तेवीस वर्षं एक खोटं सांगितलं. हा कोट कोरा नव्हता. कुणीतरी टाकून दिलेला होता. माझ्या बायकोनं तो उसवला, उलटवला आणि मला म्हणाली नवा आहे. मला कळलं होतं. कोरं कापड कुणीही आणतो हो. पण टाकलेल्या कापडाची चांगली बाजू शोधायला डोळे लागतात आणि नऊ दुपारी लागतात." नऊ दुपारी त्यांना कशा ठाऊक? मी पत्रात तुला लिहिलं होतं, त्यांना कधी बोलले नव्हते. म्हणजे त्या वेळी दिवस मोजत होते.

मग म्हणाले, "लहानपणापासून मला एकच भीती आहे. आज ती संपवू. हा कोट ज्याचा असेल त्यानं उभं राहावं."

आणि मालक उठले.

काठी टेकत टेकत ते मंचाशी आले. त्यांना हात देऊन वर घेतलं. खुर्चीवरचा कोट त्यांनी उचलला, बाही दोन बोटांत धरून चोळली, उजेडाकडे धरली. हे समोर उभे, अगदी शाळेतल्या मुलासारखे, हात मांड्यांना चिकटवून.

मालक म्हणाले, "कापड सुरेख आहे हो. असं आता मिळत नाही. कुठून आणलंत?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी पुन्हा मालकांकडे पाहिलं, त्यांच्या खांद्यांकडे.

"घरातच होतं," म्हणाले.

"जपलंत," मालक म्हणाले आणि जाऊन बसले.

घरी येताना कोपऱ्यावर ह्यांनी विचारलं, "बाह्या किती कमी केल्या होत्यास?"

"दोन बोटं," मी म्हटलं.

"आणि खांदे?"

"खांद्यांना हात लावावा लागला नाही. तसेच बसले."

"हं," म्हणाले. दाराशी आल्यावर त्यांना हसू फुटलं. कुलूप उघडेपर्यंत हसत होते. आत गेल्यावर बराच वेळ पाठ करून खिडकीशी उभे राहिले. ते हसतच होते की काय करत होते, मला कळलं नाही. विचारलं नाही.

मामी


३० डिसेंबर

चिमणे,

टपालानं एक गाठोडं पाठवतोय. आत माझा कोट आहे. त्याची कोपरं विरली आहेत, हे या मेळाव्यात उजेडात दिसलं. तुझ्या त्या रफूवालीला दाखव. तिची नजर अधू नाही, तिची माफी माग.

तुझी मामी म्हणते, पुन्हा उलटवू. मी नको म्हटलं. पुन्हा उलटवला तर खिसा डावीकडे जाईल, काजं पूर्वीच्या जागी येतील आणि कोट परत त्याचा होईल. त्याला तो ओळखता आला नाही, चिमणे. मी बावन्न वर्षं ज्या वाक्याला भ्यायलो ते म्हणायला माणूस समोर आला आणि त्याला आठवेचना. टाकणाऱ्याला आठवत नाही. मी चिडावं की सुटलो म्हणावं, अजून ठरत नाही. दोन्ही करून पाहतोय.

तुला जुने कपडे घालू नकोस म्हणालो होतो, ते पत्र फाड. लिहिलेलं उरतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

दोन्ही कोपरांना ठिगळं लावून घे. करडी नकोत, मिळताजुळता रंग शोधत बसू नका. मागच्या रांगेतून दिसतील अशी लाव.

मामा